१५ जून २०२३ : महाराष्ट्र प्रीमियर लीगची सुरुवात

महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या ट्वेंटी-२० महाराष्ट्र प्रीमियर लीगला १५ जून २०२३ रोजी पुण्याजवळील गहुंजे मैदानावर सुरुवात झाली. पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी आणि सोलापूर असे सहा संघ पहिल्या हंगामात उतरले. सलामीची लढत पुणेरी बाप्पा आणि कोल्हापूर टस्कर्स यांच्यात झाली. ईगल नाशिक टायटन्सकडून खेळताना अठरा वर्षांच्या अर्शिन कुलकर्णीने पुणेरी बाप्पाविरुद्ध ५४ चेंडूंत १३ षटकारांसह ११७ धावा केल्या आणि ४ बळीही टिपले. पुढे त्याची २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकासाठी भारतीय संघात निवड झाली. आयपीएल लिलावात लखनौ सुपर जायंट्सने त्याला घेतले. पहिले विजेतेपद रत्नागिरी जेट्सने पटकावले. २०२४ च्या अंतिम सामन्यात नाशिकला हरवून त्यांनी ते राखले.