श्रीपूर, सोलापूर, सिंगापूर : गावांच्या नावातला ‘पूर’ आला कुठून?

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात श्रीपूर नावाचे गाव आहे. साखर कारखान्यामुळे ते ओळखले जाते. जिल्ह्याचे ठिकाण सोलापूर, जवळचे तीर्थक्षेत्र पंढरपूर, अर्धनारी नटेश्वराच्या यादवकालीन मंदिराचे वेळापूर आणि जिल्ह्याच्या सीमेपलीकडचे विजापूर, या सगळ्या नावांचा शेवट एकच आहे. त्यामुळे ही गावे एकाच काळात, एकाच पद्धतीने वसली असावीत असे वाटू शकते. प्रत्यक्षात श्रीपूरची ओळख विसाव्या शतकातली आहे, पंढरपूरचे उल्लेख मध्ययुगीन शिलालेखांत सापडतात आणि सोलापूरच्या जुन्या नावात तर ‘पूर’ नव्हताच.

‘पूर’ म्हणजे काय?

या शब्दाचे मूळ संस्कृतमधील ‘पुर्’ आणि ‘पुर’ या शब्दांत आहे. आज ‘पुर’ म्हटले की नगर किंवा शहर असा अर्थ घेतला जातो. पण ऋग्वेदात ‘पुर्’ म्हणजे तटबंदी असलेली, संरक्षण केलेली जागा. आजच्या मराठीत तिला कोट किंवा गढी म्हणता येईल. शत्रूचे असे कोट फोडणारा म्हणून इंद्राला ‘पुरंदर’ म्हणतात. पुणे जिल्ह्यातील पुरंदर किल्ल्याच्या नावात हा जुना शब्द अजून दिसतो.

पुढे तटाच्या आतली वस्ती वाढली आणि शब्दाचा अर्थही रुंदावला. कोटाचे नगर झाले. नंतर तट नसलेल्या साध्या गावालाही ‘पूर’ जोडले जाऊ लागले. असा बदल इतर भाषांतही झाला आहे. इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणतात. त्या मँचेस्टरमधला ‘चेस्टर’ हा शेवट रोमन सैन्याच्या छावणीसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आला आहे. छावण्या गेल्या, नावाचा शेवट मात्र राहिला.

‘सोलापूर पोलीस’ : एकाच मुळाचे दोन शब्द

प्राचीन ग्रीक भाषेत नगराला ‘पोलिस’ म्हणत. संस्कृतचा ‘पुर्’, ग्रीकचा ‘पोलिस’ आणि लिथुआनियन भाषेतील किल्ला या अर्थाचा ‘पिलिस’ हे शब्द एकाच मूळ शब्दातून निघाले असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृतमध्ये ‘र’ दिसतो, तिथे ग्रीकमध्ये ‘ल’ आहे.

इंग्रजीत या ग्रीक शब्दाचे मोठे कुटुंब आहे. ‘मेट्रोपोलिस’ म्हणजे मातृनगरी, ‘अॅक्रोपोलिस’ म्हणजे उंचावरचे नगर. नगराचा कारभार या अर्थावरून ‘पॉलिटिक्स’ आला. नगराची शासनव्यवस्था या अर्थाचा ग्रीक शब्द लॅटिन आणि फ्रेंचमधून इंग्रजीत ‘पोलीस’ होऊन पोहोचला आणि तिथून मराठीत आला. म्हणजे ‘सोलापूर पोलीस’ ही पाटी वाचताना एकाच प्राचीन शब्दाची दोन रूपे शेजारी शेजारी दिसतात. एक संस्कृतमधून आलेले, दुसरे ग्रीसहून लांबचा वळसा घेऊन आलेले.

सोलापूर म्हणजे सोळा गावे का?

सोलापूरच्या नावाबद्दल एक लोकप्रिय समजूत आहे. सोळा गावे मिळून शहर झाले म्हणून ते सोलापूर. या सोळा गावांची यादीही दिली जाते. तिच्यात आदिलपूर, अहमदपूर, फतेपूर, महंमदपूर, खादरपूर, शेखपूर, राणापूर, सोनापूर अशी नावे येतात.

शिलालेखांतील पुरावा मात्र वेगळे सांगतो. बाराव्या शतकात, शिवयोगी सिद्धेश्वरांच्या काळात, या गावाचे नाव ‘सोन्नलगे’ किंवा ‘सोन्नलिगे’ असे होते. कन्नड साहित्यात सिद्धेश्वरांना आजही ‘सोन्नलिगेचे सिद्धराम’ म्हणून ओळखतात. यादवांच्या काळापर्यंत हेच नाव चालू होते. मोहोळ तालुक्यातील कामती येथे सापडलेल्या शके १२३८, म्हणजे इ.स. १३१६ च्या संस्कृत लेखात ‘सोनलीपूर’ असे रूप येते. सोलापूरच्या किल्ल्यातील एका लेखात ‘सोनलपूर’, तर तिथल्याच विहिरीवरील लेखात ‘संदलपूर’ आहे. ‘सोनलपूर’मधला ‘न’ गळून ‘सोलापूर’ झाले असावे, हे स्पष्टीकरण अभ्यासक अधिक संभवनीय मानतात. इंग्रजांनी त्याचे ‘शोलापूर’ केले.

म्हणजे ‘सोळा’ हा आकडा नावात मुळात नव्हता. ‘सोन्नलगे’चा अर्थ लोकांच्या स्मरणातून गेला. मग उरलेल्या ‘सोला’चा कानाला पटेल असा अर्थ लावला गेला. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. अशी गोष्ट लक्षात राहते, सांगायलाही सोपी असते, म्हणून ती शिलालेखापेक्षा जास्त फिरते.

सोळा गावांची यादी तरीही अगदी निरुपयोगी नाही. आदिल, अहमद, महंमद या अरबी नावांपुढे त्यात संस्कृत ‘पूर’ सहज जोडलेला दिसतो. म्हणून शेवटी ‘पूर’ आहे एवढ्यावरून गाव कोणी वसवले, त्याचा धर्म किंवा राजवट कोणती, हे ठरवता येत नाही.

पंढरपूरचीही तीच कथा

पंढरपूरच्या बाबतीत हा बदल एकाच शतकात पाहता येतो. होयसळ राजा सोमेश्वराच्या काळातील शके ११५९, म्हणजे इ.स. १२३७ च्या लेखात भीमेच्या काठच्या या गावाचे नाव ‘पंडरगे’ असे आहे. इ.स. १२७० च्या संस्कृत लेखात ते ‘पांडुरंगपुर’ होते.

सोन्नलगे आणि पंडरगे या दोन्ही नावांच्या शेवटी ‘गे’ आहे. हे वळण कन्नडचे असल्याचे अभ्यासक सांगतात. पुढे दोन्ही ठिकाणी ‘गे’च्या जागी ‘पूर’ आला. संस्कृत ही शिलालेखांची आणि विद्वानांची प्रतिष्ठित भाषा होती. तिच्यात लिहिताना बोलीतल्या नावाला ‘पुर’ जोडणे सोयीचे होते. भीमा आणि सीना नद्यांच्या या पट्ट्यात मराठी आणि कन्नड शतकानुशतके शेजारी नांदल्या, याची ही खूण आहे. त्यावरून आजच्या सीमा ठरत नाहीत, पण नावामागे दोन्ही भाषांचा इतिहास आहे एवढे नक्की कळते.

श्रीपूर : नवे गाव, जुना शेवट

श्रीपूरचा इतिहास या दोन शहरांच्या उलट आहे. तिथे जुन्या नावाला ‘पूर’ चिकटला नाही. नव्या औद्योगिक वसाहतीला जुन्या घडणीचे नाव मिळाले. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी स्थापन केली. तिचा साखर कारखाना श्रीपूरला उभा राहिला. श्री पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचे ठिकाणही श्रीपूरच आहे. आता शेजारच्या महाळुंगसह महाळुंग-श्रीपूर अशी नगरपंचायत आहे.

‘श्री’ म्हणजे लक्ष्मी, समृद्धी, शोभा. त्यामुळे ‘श्रीपूर’ याचा शब्दशः अर्थ समृद्धीचे नगर असा होतो.

याच भागात साखरेच्या उद्योगाभोवती आणखी काही वसाहती उभ्या राहिल्या. सासवडच्या माळी समाजातील शेतकऱ्यांच्या कारखान्याचे माळीनगर, अकलूजजवळचे शंकरनगर, माळशिरस तालुक्यातलेच सदाशिवनगर आणि शेजारच्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ही त्यांतली काही. या सगळ्यांच्या शेवटी ‘नगर’ आहे. विसाव्या शतकात नव्या वसाहतीला, विशेषतः एखाद्या व्यक्तीच्या किंवा समाजाच्या नावाने, ‘नगर’ जोडण्याची पद्धत रूढ झाली होती. त्यांच्यात ‘पूर’वाले श्रीपूर वेगळे उठून दिसते आणि नकाशावर वेळापूर, पंढरपूर यांच्याइतकेच जुने वाटते.

अमेरिकेतही हे घडले आहे. तिथल्या मूळ रहिवाशांच्या डकोटा भाषेतील पाणी या अर्थाच्या शब्दाला ग्रीक ‘पोलिस’ जोडून एकोणिसाव्या शतकात ‘मिनिआपोलिस’ हे नाव घडवले गेले. शहर नवे, शेवट अडीच हजार वर्षांपूर्वीचा.

‘श्रीपूर’ नावाची जुनी भावंडे

हे नाव भारतात इतरत्र फार पूर्वीपासून आहे. छत्तीसगडमधील सिरपूर ही प्राचीन दक्षिण कोसलची राजधानी होती आणि तिचे जुने नाव ‘श्रीपुर’. वाशिम जिल्ह्यातील शिरपूर हे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे जैन तीर्थ आहे. जैन परंपरेत त्यालाही ‘श्रीपुर’ म्हणतात. शतकानुशतकांच्या वापरात ‘श्री’चे कुठे ‘सिर’ झाले, कुठे ‘शिर’. माळशिरस तालुक्यातल्या श्रीपूरला तेवढा काळ मिळालेला नाही, म्हणून त्यातला ‘श्री’ अजून जसाच्या तसा आहे.

सारखे दिसते, पण वेगळे आहे

* पूर (नदीचा) : नदीला येणारा ‘पूर’ हा संस्कृत ‘पूर’ या वेगळ्या शब्दावरून आला आहे. त्याचा संबंध भरण्याशी आहे, नगराशी नाही.
* लातूर : इथे ‘पूर’ नसून ‘ऊर’ आहे. कन्नडमध्ये ‘ऊरु’ म्हणजे गाव. लातूरचे जुने नाव लट्टलूर. राष्ट्रकूट राजे ‘लट्टलूर-पुरवराधीश्वर’ असे बिरुद लावत. त्यात ‘ऊर’ आणि ‘पुर’ दोन्ही आहेत.

मूळ संस्कृत शब्द ‘पुर’ ऱ्हस्व असताना मराठीत ‘पूर’ दीर्घ का? मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत यासाठी स्वतंत्र नियम आहे. गावाच्या नावाच्या शेवटी येणाऱ्या ‘पूर’मधला ‘पू’ दीर्घ लिहायचा. सामान्यरूप होताना मात्र तो ऱ्हस्व होतो : सोलापूर, पण सोलापुरात, श्रीपूर, पण श्रीपुरात.

समुद्रापलीकडे

संस्कृतबरोबर हा शेवट आग्नेय आशियात गेला. सिंगापूर म्हणजे ‘सिंहपुर’. थायलंडमधील कांचनबुरी, लोपबुरी या नावांतला ‘बुरी’ म्हणजे आपला ‘पुरी’. ‘नगर’ही मागे राहिला नाही. थाई ‘नाखोन’ आणि कंबोडियातील ‘अंकोर’ ही त्याचीच रूपे आहेत. म्हणजे श्रीपूर आणि माळीनगर या दोन शेजाऱ्यांच्या नावांचे शेवट हजारो किलोमीटर दूरही सोबतच सापडतात.

थोडक्यात

‘पूर’ हे गावाच्या वयाचे प्रमाणपत्र नाही. पंढरपूर आणि सोलापूर ही गावे त्यांच्या आजच्या नावांपेक्षा जुनी आहेत, तर श्रीपूरचे नाव गावापेक्षा कितीतरी जुन्या घडणीचे आहे. एखाद्या गावाच्या नावाचा अर्थ शोधायचा असेल तर शेवट बाजूला ठेवून आधीचा भाग पाहावा लागतो. तो भाग जुन्या लेखांत कसा लिहिला आहे, हे तपासावे लागते. नाहीतर प्रत्येक सोलापुरात सोळा गावे दिसू लागतात.