लघुकॅमेऱ्याचे चित्रण व त्याचे संकलन : ऊर्जानगर व झाडीपट्टी यांच्या संदर्भात

चंद्रपूर शहराच्या उत्तरेस, ताडोबाच्या अरण्याच्या कडेला, महाऔष्णिक विद्युत केंद्राची ऊर्जानगर ही वसाहत आहे. केंद्राचे पहिले संच १९८०च्या दशकात सुरू झाले आणि महाराष्ट्राच्या सर्व भागांतील कुटुंबे येथे येऊन राहिली. घरगुती व्हिडिओ कॅमेरा भारतातील मध्यमवर्गाच्या हाती आला तोही याच सुमारास. बारशी, लग्ने, गणेशोत्सवातील कार्यक्रम, आसपासच्या गावांतील दंडारी आणि झाडीपट्टीची नाटके यांचे चित्रण अशाच कॅमेऱ्यांनी होऊ लागले. हे चित्रण पुढे कसे कापले गेले, जोडले गेले आणि त्यातील काय शिल्लक राहिले, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तंत्राचा वाटतो. परंतु ज्या प्रदेशात झाडीबोली, माडिया, गोंडी व कोलामी बोलल्या जातात, त्या प्रदेशात तो भाषेच्या पुराव्याचाही प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात या संकलनाचा इतिहास त्या दृष्टीने पाहावयाचा आहे.

१. कात्रीपूर्वीचे व कात्रीनंतरचे चित्रण

भारतीय माणसाने केलेल्या चित्रणाचा आरंभ एका मराठी छायाचित्रकाराच्या लघुपटांनी होतो. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनी लंडनहून कॅमेरा मागवून मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण १८९९ मध्ये केले. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे मायदेशी परतले, त्या स्वागताचे चित्रणही त्यांनीच केले. या लघुपटांत संकलन असे जवळजवळ नव्हतेच. कॅमेरा सुरू झाला की घटना सुरू होई आणि फिल्म संपली की घटना संपे. निवडीचा अधिकार फिल्मच्या लांबीकडे होता.

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये प्रदर्शित केला, तेव्हा हा अधिकार माणसाच्या हाती आला. कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे व जोडणे ही कामे घरातच होत आणि त्यांत सरस्वतीबाई फाळके यांचा मोठा वाटा होता. महाराष्ट्रातील पहिले संकलनाचे मेज हे एका घरातले मेज होते. पुढे स्टुडिओंचा काळ आला. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्यास आली. संकलन हा स्वतंत्र विभाग व स्वतंत्र व्यवसाय झाला. प्रभातच्याच जागेत १९६० मध्ये शासनाची चित्रपटशिक्षणाची संस्था उभी राहिली व तेथे संकलन हा अभ्यासविषय बनला.

घरगुती कॅमेऱ्याचा प्रवाह याच्या समांतर वाहत होता. कोडॅकने १६ मिलिमीटरची फिल्म १९२३ मध्ये, ८ मिलिमीटरची १९३२ मध्ये आणि सुपर ८ ही १९६५ मध्ये बाजारात आणली. फिल्म लहान झाली की कॅमेरा स्वस्त होतो. पण चौकटही लहान होते, आणि तिची प्रत काढणे व ती जोडणे अवघड होते. आनंद पटवर्धन यांनी बिहारच्या आंदोलनावरील आपल्या पहिल्या माहितीपटासाठी, १९७४-७५च्या सुमारास, सुपर ८वरील चित्रण पडद्यावर दाखवून ते १६ मिलिमीटरवर पुन्हा चित्रित केले होते. लहान कॅमेरा चित्रण सोपे करतो आणि त्याचा भार संकलनावर टाकतो, हा नियम येथे प्रथम स्पष्ट दिसतो. पुढील सर्व इतिहास त्याच नियमाची पुनरावृत्ती आहे.

२. फितीचा काळ

व्हिडिओफितीवर चौकट डोळ्यांना दिसत नाही. १९५६ मध्ये अँपेक्स कंपनीचे यंत्र आले, तेव्हा फीत कापण्यापूर्वी तिच्यावर लोहकणांचे द्रावण लावून चुंबकीय रेघा सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागत. लवकरच ही पद्धत मागे पडली व एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर प्रत उतरविणे हेच संकलन झाले. कापण्याची जागा नकलेने घेतली. मात्र प्रत्येक नकलेत चित्र थोडे पुसट होई. नकलेची नक्कल केल्यास रंग वाहू लागत.

या पद्धतीचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण मालेगावचे होय. व्हिडिओ पार्लर चालविणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट घरगुती साधनांनी तयार केला. त्याचे संकलन व्हीसीआरवरच झाले. फैझा अहमद खान यांच्या २००८ मधील माहितीपटामुळे ही कथा सर्वत्र पोहोचली. मालेगावच्या यंत्रमाग कामगारांना स्वतःच्या बोलीतील, स्वतःच्या गल्लीतील चित्रपट पाहावयास मिळाला, याचे कारण केवळ कॅमेरा नव्हे. दोन यंत्रे समोरासमोर ठेवून जोडकाम करण्याचे कसब त्या गावात होते, हे त्याचे खरे कारण होय.

१९९५ मध्ये डीव्ही ही अंकीय फीत आली व नकलेतील ऱ्हास थांबला. डीव्हीमध्ये प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे संपीडित केलेली असे. त्यामुळे संगणकावर ती कोणत्याही जागी कापता येई. घरगुती संकलनाच्या इतिहासातील हा सर्वांत सुखाचा काळ मानावयास हरकत नाही. पण तो अल्पकाळच टिकला.

३. हायडेफिनिशनची अडचण

सप्टेंबर २००३ मध्ये कॅनन, शार्प, सोनी व जेव्हीसी या चार कंपन्यांनी एचडीव्ही ही पद्धत जाहीर केली. कॅसेट डीव्हीचीच, गतीही तीच; परंतु तिच्यावर १४४० × १०८० बिंदूंचे चित्र बसवावयाचे होते. सेकंदाला सुमारे २५ मेगाबिट एवढ्याच जागेत चौपटीच्या आसपास बिंदू मावण्यासाठी संपीडनाची रीत बदलावी लागली. २५ चौकटींच्या पद्धतीत साधारणपणे बारा चौकटींचा एक गट करण्यात आला. गटातील पहिलीच चौकट पूर्ण. उरलेल्या अकरा चौकटींत फक्त शेजारच्या चौकटींपेक्षा काय बदलले याची नोंद. म्हणजे सुमारे अर्ध्या सेकंदात एकच चित्र खरोखर साठविलेले असते; बाकीची त्याच्या आधाराने उभी राहतात.

भाषेच्या अभ्यासकास ही रचना अपरिचित वाटू नये. एखाद्या उताऱ्यात कर्त्याचा उल्लेख एकदाच होतो आणि पुढील वाक्ये ‘तो’, ‘त्याने’, ‘त्याला’ अशी सर्वनामांवर चालतात. त्यातील मधलेच वाक्य उचलले, तर ‘तो’ कोण हे कळत नाही. एचडीव्हीची मधली चौकट ही अशीच सर्वनामी चौकट आहे. गटाच्या मध्ये कात्री चालविली, तर संगणकाला तो गट उलगडून नव्याने बांधावा लागतो. त्या काळच्या घरगुती संगणकांना हे झेपत नसे. चित्र अडखळे, आवाज पुढे जाई.

२००६ च्या मे महिन्यात सोनी व पॅनासॉनिक यांनी एव्हीसीएचडी ही पद्धत आणली. फीत जाऊन स्मृतिपत्र आले. संपीडन अधिक कुशल, म्हणून जागा कमी. पण उलगडण्याचे गणितही अधिक जड. यावर उपाय म्हणून मध्यवर्ती स्वरूपे प्रचारात आली : एव्हिडचे डीएनएक्सएचडी २००४ मध्ये व ॲपलचे प्रोरेस २००७ मध्ये. या स्वरूपांत प्रत्येक चौकट पुन्हा स्वतंत्र होते, संकलन सुकर होते. मात्र मूळ चित्रणाच्या चारपाच पट जागा लागते. एचडीव्हीचे एक तासाचे चित्रण अकरा गिगाबाइटच्या आसपास असे. ते उलगडून ठेवण्याइतकी जागा त्या काळी थोड्यांच्याच घरी होती. परिणामी एक घातक सवय रूढ झाली : संकलन पूर्ण झाले की मूळ चित्रण पुसावयाचे, व फीत असल्यास तिच्यावर नवे कार्य चित्रित करावयाचे.

४. पन्नास स्पंदनांचे नाते

ऊर्जानगरच्या संदर्भात आणखी एका गोष्टीची नोंद करणे आवश्यक आहे. भारतातील वीजप्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा असतो, अमेरिकेतील ६० आवर्तनांचा. दूरचित्रवाणीची रचना करणाऱ्यांनी चित्राची गती त्या त्या देशाच्या वीजप्रवाहाशी जुळविली. म्हणून भारतात सेकंदाला २५ चौकटी (प्रत्येकी दोन अर्धांची, म्हणजे ५० अर्धचित्रे), तर अमेरिकेत ३०च्या किंचित आत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले ते याच २५ चौकटींच्या पद्धतीने. जनित्राची गती आणि चौकटीची गती यांचे असे जुने नाते आहे.

परदेशस्थ आप्ताने अमेरिकेतून आणलेला कॅमेरा येथे वापरला की हे नाते बिघडते. ५० आवर्तनांच्या प्रवाहावर ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीअधिक होतो. सेकंदाला साठच्या आसपास अर्धचित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याला तो लुकलुकताना दिसतो. शटरची गती १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवल्यास हा दोष बहुतांशी जातो. नंतर संकलनात त्याचा निरास करणे फार कठीण. तसेच साठ आणि पन्नास अर्धचित्रांची दोन चित्रणे एकत्र जोडली, की संगणकाला काही चित्रे गाळावी लागतात व काही कल्पनेने भरावी लागतात; हालचाल धक्के खात पुढे सरकते. लग्नाच्या एकाच चित्रफितीत काकांच्या कॅमेऱ्याचे प्रसंग वेगळे दिसतात, ते यामुळे.

५. संकलकाचे टाकाऊ, अभ्यासकाचे मौलिक

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. या प्रदेशातील बोलींच्या नोंदींचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील अनेक नमुने उधळ्या पुत्राच्या कथेचे स्थानिकांकडून करून घेतलेले अनुवाद होत; ते लिहून काढताना अडखळणे, पुनरुक्ती, मध्येच वाक्य सोडणे हे सर्व गळाले. कोलामीवर सेतुमाधवराव पगडी यांचे व्याकरण १९५० मध्ये व एमेनो यांचा ग्रंथ १९५५ मध्ये आला. अमृत माधव घाटगे यांची मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची मालिका १९६३ पासून निघू लागली. या सर्वांच्या मागे हाताने टिपलेली पाने होती. बोलणाऱ्याचा चेहरा, हात, श्रोत्याचा हुंकार हे त्यांत येणे शक्यच नव्हते. घरगुती कॅमेऱ्याने ते प्रथमच शक्य केले, आणि तेही अभ्यासकाच्या नव्हे, तर गावातल्याच कोणाच्या तरी हातून.

झाडीपट्टीचे नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. साठ मिनिटांच्या फितीवर ते घ्यावयाचे तर पाचसहा फिती लागत. यातून पाहुण्यांना दाखविण्याजोगी तासाभराची प्रत काढताना संकलक काय ठेवतो? गाणी, विनोदी प्रवेश, मान्यवरांचा सत्कार. काय वगळतो? पडद्यामागची सूचना, प्रेक्षकांतील शेरेबाजी, नटाने झाडीबोलीत केलेली उत्स्फूर्त भर, आजीचे लांबलेले बोलणे. संकलकाचा निर्णय त्याच्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु प्रमाण मराठीतील संहिता सोडून नट जेव्हा ‘डोळा’ऐवजी ‘डोरा’ म्हणतो, तेव्हा बोली जिवंत असल्याचा तोच पुरावा असतो, आणि नेमका तोच कापला जातो. एकाच्या मेजावरील टाकाऊ दुसऱ्याच्या मेजावरील मौलिक असते.

तंत्राचे दोषही येथे निराळे मोजावे लागतात. एचडीव्हीच्या फितीवर एखादा डाग पडला, तर एक चौकट नव्हे, सबंध गट जातो, व पुष्कळदा त्याबरोबर आवाजही. करमणुकीच्या दृष्टीने अर्धा सेकंद क्षुल्लक. परंतु अर्ध्या सेकंदात माणूस दोनतीन अक्षरे उच्चारतो, म्हणजे एखादा प्रत्यय किंवा एखादा शब्द. एचडीव्हीचा आवाजही संपीडितच असतो; सूक्ष्म ध्वनिमापनासाठी असंपीडित मुद्रण वेगळ्या यंत्रावर घेणे अभ्यासक इष्ट मानतात, आणि दोन्ही जुळविण्यासाठी आरंभी एक टाळी पुरते. एव्हीसीएचडीमध्ये लांब चित्रणाचे आपोआप तुकडे पडतात. स्मृतिपत्रावरील संपूर्ण रचना न उतरविता सुटे तुकडे उचलले, तर सांध्यावर किंचित खंड राहतो.

६. न कापता केलेले संकलन

या अडचणीवर भाषाशास्त्राने आपल्यापुरता मार्ग काढला. नेदरलँड्समधील नायमेखन येथील मॅक्स प्लांक संस्थेत या शतकाच्या आरंभी ‘एलान’ हे साधन तयार झाले. त्यात चित्रण अखंड राहते. कालरेषेखाली उच्चार, अर्थ, व्याकरण व हावभाव यांचे थर लिहिले जातात. कोठून कोठपर्यंत काय आहे याची वेगळी नोंद होते, कात्री चालतच नाही. पाहता घरगुती संकलनाच्या आजच्या साधनांतही हेच तत्त्व आहे : कालरेषेवरील काप ही केवळ सूचना असते, मूळ संचिकेला धक्का लागत नाही. मूळ नष्ट होते ते तंत्रामुळे नव्हे, काम संपल्यावर जागा मोकळी करण्याच्या सवयीमुळे.

अलीकडच्या काळात डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठी बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेऊन गावोगावी ध्वनिमुद्रण केले आहे. अशा नियोजित संग्रहांना पूरक ठरेल असा अनियोजित संग्रह ऊर्जानगरसारख्या वसाहतींतील आणि आसपासच्या गावांतील कपाटांत असू शकतो. त्या फितींपुढील संकट मात्र कालबद्ध आहे. एचडीव्हीची फीत संगणकात उतरविण्यास जितका काळ चित्रण तितकाच काळ लागतो. त्यासाठी चालू स्थितीतील कॅमेरा आणि फायरवायर ही जोडणी हवी, आणि नव्या संगणकांत ती उरलेली नाही. कॅमेऱ्यांचे उत्पादनही थांबले आहे. फीत शाबूत असूनही वाचणारे यंत्र नसल्यामुळे ती मूक होते.

म्हणून विद्यापीठीय विभागांनी क्षेत्रकार्याच्या अभ्यासक्रमात दोन साध्या गोष्टींचा समावेश करणे उचित ठरेल. एक, मिळेल ती फीत प्रथम जशीच्या तशी, मूळ संपीडनासह उतरवून, बोलणाऱ्यांच्या संमतीने दोन ठिकाणी ठेवणे. उलगडलेली किंवा सजविलेली प्रत ही तिची जागा घेऊ शकत नाही. दुसरी, त्यातून तासाभराची सुबक प्रत काढून ती त्या कुटुंबास परत देणे. पहिली प्रत शास्त्रासाठी आणि दुसरी लोकांसाठी. सावे दादांच्या काळी फिल्म संपली की घटना संपत असे. आज ती कोठे संपवावी हे ठरविणे संकलकाच्या हाती आहे, आणि कापलेला भाग जपून ठेवणे हेही त्याच्याच हाती आहे.