बिअरचा अभ्यास आंबिलीपासून

घरी बिअर बनवायला शिकायचे आहे, सुरुवात कुठून करावी, असे विचारणारी तरुण मंडळी लातूर-नांदेडकडे अलीकडे भेटू लागली आहेत. बहुतेक जण शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यात राहून आलेले असतात. तिथे २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाली, मग इतरही मायक्रोब्रूअरी आल्या, आणि बाटलीबाहेरच्या ताज्या बिअरची चव या पिढीला कळली. गावी परतल्यावर ते एखादे इंग्रजी पुस्तक उघडतात. जवाचे माल्ट आणा, हॉप्स आणा, असे त्यात सुरुवातीलाच सांगितलेले असते. औशाच्या किंवा कंधारच्या बाजारात यातले काहीच मिळत नाही. मग पुस्तक मिटते. माझ्या मते चूक वाचकाची नाही. त्याला दार चुकीचे दाखवले गेले.

कायद्याची गोष्ट आधीच सांगून टाकतो. १९४९ चा दारूबंदी अधिनियम महाराष्ट्रात आजही लागू आहे आणि परवान्याशिवाय बिअर बनवणे हा त्याखाली गुन्हा आहे. पाच लिटर केली काय नि पाचशे लिटर केली काय, स्वतःपुरती केली तरी सूट नाही. मायक्रोब्रूअरीला परवाना मिळतो, स्वयंपाकघराला मिळत नाही. ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरवरची परवान्याची अट काढली. अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने ती घरच्या वापरापुरती करमुक्त केली, तरी तिथल्या शेवटच्या दोन राज्यांना मान्यता द्यायला २०१३ उजाडले. न्यू जर्सीत किंवा लंडनजवळ राहणाऱ्या आपल्या भाच्या-पुतण्यांनी तिथल्या नियमांत राहून पुढची पायरी जरूर चढावी. इथल्या वाचकाने यीस्ट घालण्याच्या अलीकडे थांबावे. गंमत अशी, की शिकण्यासारखे बरेचसे त्या अलीकडेच आहे.

त्यासाठी येळवसेचा माठ पुरेसा आहे. येळवसेला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, लातूर जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते. शहरे ओस पडतात आणि शिवारे भरतात. कडब्याच्या कोपीत पांडव मांडले जातात, भज्जी आणि उंडे वाढले जातात, आणि आदल्या दिवशी ज्वारीचे पीठ व ताक यांची करून ठेवलेली आंबील माठातून निघते. ताकातले लॅक्टिक जिवाणू रात्रभर पिठावर काम करतात, आम्ल तयार होते, आणि त्या आम्लात सडवणाऱ्या जंतूंचे फारसे चालत नाही. दक्षिण आफ्रिकेतील ‘उमकोंबोथी’ ही ज्वारी-मक्याची बिअर बायका घरी करतात, तिचा पहिला टप्पा जवळपास हाच: पीठ आधी आंबवायचे. पुढे त्यात ज्वारीचे माल्ट पडते, यीस्ट लागते आणि मद्यार्क तयार होतो. म्हणजे आपली आंबील त्या रस्त्यावर निम्म्यात थांबते. नायजेरियाने १९८८ पासून जवाच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा गिनेससारख्या कंपनीलाही तिथे ज्वारीकडे वळावे लागले. ज्वारी हे बिअरचे दुय्यम धान्य आहे हा समज युरोपी पुस्तकांनी दिलेला आहे.

मात्र ज्वारीला जवाची रीत लावली की फसगत होते. जवाचे पिष्ट साधारण साठ अंशांच्या आतबाहेर फुगून मऊ होते आणि त्याच उष्णतेला मोडातली, म्हणजे माल्टमधली, विकरे ते फोडून साखर करतात; दोन्ही कामे एकाच भांड्यात उरकतात. ज्वारीचे पिष्ट सत्तरच्या आसपास गेल्याशिवाय नीट शिजत नाही, आणि तोवर विकरे मरू लागतात. म्हणून पीठ आधी पेजेसारखे शिजवायचे, साठ-पासष्ट अंशांपर्यंत निववायचे, मगच मोडाचे पीठ घालायचे. तासाभरात घट्ट पेज पाण्यासारखी सैल होते आणि गोड लागते. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुस्तकातले ‘मॅशिंग’ हे प्रकरण कळत नाही. टिंक्चर आयोडीनचा थेंब थोड्या पेजेत टाकून पाहावा: निळाकाळा रंग आला तर पिष्ट शिल्लक आहे, नाही आला तर साखर झाली. तपासलेला नमुना फेकून द्यावा; उरलेली पेज उकळून त्याच दिवशी प्यावी, ठेवू नये.

मोड आणण्यासाठी ज्वारी खाण्याची घ्यावी. पेरणीच्या पिशवीतले बियाणे बुरशीनाशक चोळलेले असते, ते विष आहे. रात्रभर भिजवून, ओल्या गोणपाटात तीन-चार दिवस ठेवून, उन्हात खडखडीत वाळवावी, आणि कोंब व मुळ्या चोळून, पाखडून काढून टाकाव्यात. हे काम आळसाने टाळू नये. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तेच सायनाइड देणारे धुरिन मोडाच्या कोंबातही असते. वाळवणे, कोंब काढणे आणि शिजवणे या तिन्ही गोष्टी त्यासाठी आहेत.

यीस्टविषयी या पुस्तकात पुढे सविस्तर आहे; इथे एवढेच, की ‘एल’ प्रकारच्या बिअरचे नेहमीचे यीस्ट अठरा ते बावीस अंशांत रमते आणि नांदेडचा मे महिना त्याच्या दुपटीच्या घरात जातो. नॉर्वेतल्या शेतघरांनी जपलेले ‘क्वाइक’ यीस्ट पस्तीस-चाळीस अंशांतही चांगले काम करते, म्हणून उष्ण मुलखातले अभ्यासक आता त्याच्याकडे पाहू लागले आहेत.

पाण्याबद्दल लिहिल्याशिवाय मराठवाड्यात बसून हा विषय मांडता येणार नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यउद्योगाच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात करायला सांगितले. माल्ट भिजवायला पाणी लागते, भांडी धुवायला त्याहून जास्त. हा हिशेब शिकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून वहीत लिहावा.

आणि एक विनंती. येत्या येळवसेला आपल्या घरची आंबिलीची रीत लिहून घ्या: पीठ किती, ताक किती, किती तास ठेवली, थंडी किती होती, आंबटपणा कसा आला. पीएचची पट्टी मिळाली तर तिचा आकडाही लिहा. गावोगावच्या अशा नोंदी जमल्या, तर या पुस्तकाची पुढची आवृत्ती त्यांच्यावर उभी करता येईल.