53-एन क्रमांकाची बाटली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

शिवाजी पेठेतली आमची आजी प्लेगला कधी प्लेग म्हणाली नाही. 'गाठीचा रोग' म्हणायची. माणसं घरं सोडून रानात झोपड्या घालून राहिली, ही तिच्या लहानपणची हकिगत. लस टोचायची म्हटलं की मात्र लोक पळत. त्यांना अडाणी म्हणून आपण मोकळे होतो. पण त्या भीतीला एक खरी घटनाही खतपाणी घालून गेली.

ही लस वाल्देमार हाफकिन यांची. ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये घडलेले. पदवी प्राणिशास्त्राची, वैद्यकाची नव्हे. गोऱ्या डॉक्टरांना ते खुपतच असावं. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली.

30 ऑक्टोबर 1902. पंजाबातलं मुलकोवाल गाव. त्या दिवशी 107 जणांना लस दिली गेली. त्यातले 19 जण पुढं धनुर्वातानं गेले आणि त्या साऱ्यांची लस एकाच बाटलीतली, 53-एन क्रमांकाची. बाकीच्यांना काही झालं नाही.

आता प्रश्न असा, की विष बाटलीत शिरलं कुठं? मुंबईच्या प्रयोगशाळेत, की गावात? मुंबईचे सरन्यायाधीश लॉरेन्स जेन्किन्स यांच्या चौकशी आयोगानं प्रयोगशाळेवर ठपका ठेवला. हाफकिन निलंबित झाले आणि भारत सोडून गेले.

पण साक्षीतच उत्तर होतं. मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच त्यानं त्याच बाटलीचं बूच काढलं. शिवाय बाटली उघडताना घाण वास आला नव्हता. धनुर्वाताचे जंतू प्रयोगशाळेतच शिरून कितीतरी दिवस आत वाढले असते, तर वास आल्याशिवाय राहता ना! रोनाल्ड रॉस यांच्यासह 10 तज्ज्ञांनी जुलै 1907 मध्ये 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हेच मांडलं. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त ठरले.

ते कलकत्त्याला परतले खरे, पण माणसांवर लशीच्या चाचण्या घेण्याची मुभा त्यांना मिळाली नाही. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं ते 1925 मध्ये. मुलकोवालच्या त्या 19 जणांची नावं मात्र कुठल्याच पाटीवर नाहीत.