एकट्या पिल्लाचे रडणे: एका प्रश्नाचा इतिहास

१/ घरी नव्याने आणलेले कुत्र्याचे पिल्लू एकटे पडले की रडते. हा हट्ट की वेदना? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जिव्हाळा हा मुख्यतः अन्नातून जन्मतो, असे मानले जाई. वर्तनवादी जॉन वॉटसन यांनी तर १९२८ मध्ये मानवी बालकांनाही कुरवाळू नये, असे बजावले होते.

२/ या समजुतीला एका श्वानशाळेतून धक्का बसला. अमेरिकेतील बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट १९४५ मध्ये रुजू झाले. जॉन फुलर यांच्यासह त्यांनी पाच जातींच्या पिल्लांची वाढ वर्षानुवर्षे अभ्यासली.

३/ १९६१ मध्ये फ्रीडमन, किंग आणि इलियट यांनी काही पिल्ले कुंपणबंद माळावर मानवी संपर्काविना वाढवली. चौदा आठवडे तशीच राहिलेली पिल्ले माणसापासून दूरच पळत. माणसाशी नाते जुळण्याचा काळ मर्यादित असतो, हे त्यातून उमगले.

४/ त्याच वर्षी इलियट आणि स्कॉट यांनी पिल्लांना थोडा वेळ एकटे ठेवून त्यांचे ओरडणे मोजले. ओळखीच्या जागेपेक्षा अनोळखी जागी आकांत कितीतरी अधिक होता.

५/ मग शांतवते काय? १९७७ मध्ये पेटिजॉन, स्कॉट आणि सहकाऱ्यांनी अन्न, खेळणी, आरसा, दुसरा कुत्रा आणि माणूस यांची तुलना केली. अन्नाचा उपयोग नगण्य ठरला. सर्वाधिक दिलासा माणसाच्या सहवासाने मिळाला. अन्नाचा सिद्धान्त येथे डळमळला.

६/ १९७८ मध्ये याक पांकसेप यांच्या गटाला आढळले की मॉर्फिनच्या अत्यल्प मात्रेने हे रडणे ओसरते. विरहाचे दुःख आणि शरीराची वेदना मेंदूत शेजारी नांदत असावीत, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले.

७/ म्हणूनच साधारण आठव्या आठवड्यात घरी येणाऱ्या पिल्लाला आधी जागेची ओळख हवी. पहिल्या रात्री कोणीतरी जवळ निजावे. नंतर क्षणभर दूर जाऊन, ते शांत असतानाच परतावे आणि हा दुरावा मिनिटामिनिटाने वाढवावा. रडण्याबद्दल शिक्षा केल्यास भीतीत भरच पडते.

८/ या ज्ञानाची किंमत मात्र विसरता येत नाही. एकटेपणा दुखतो हे सिद्ध करण्यासाठी असंख्य पिल्लांना मुद्दाम एकटे ठेवले गेले. आज एखाद्या घरात दार लावण्यापूर्वी कोणी क्षणभर थबकते, त्यामागे त्या अनाम पिल्लांचे रडणे आहे.