अखंड विजेचं चाक

पहाटे तीन वाजता घरोघरचे दिवे विझलेले असतात, तरी विजेची मागणी शून्यावर येत नाही. रुग्णालयं, पाणीपुरवठ्याचे पंप, शीतगृहं, रेल्वेचे सिग्नल सुरूच असतात. कधीच न उतरणाऱ्या या मागणीला वीजक्षेत्रात 'बेस लोड' म्हणतात. महाराष्ट्रात आज हा भार मुख्यतः कोळसा वाहतो. मुंबईसाठी तो आधी पाण्याने वाहिला.

1915 मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी नळांतून घाटाखाली पाचशे मीटरहून जास्त उतरायचं, आणि त्या जोरावर मुंबईच्या गिरण्या चालायच्या. पाठोपाठ भिवपुरी आणि भिरा आले. भिऱ्याचं पाणी मुळशी धरणाचं. त्या धरणाखाली मावळ्यांची भातखाचरं गेली. सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, धरण थांबलं नाही.

तलाव मात्र वर्षातून एकदाच भरतो आणि पुढच्या पावसापर्यंत पुरवावा लागतो. वाढत्या मुंबईला ते पाणी पुरेना. 1956 मध्ये ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र सुरू झालं, 1969 मध्ये तारापूरची अणुभट्टी; पुढे विदर्भात कोळशाच्या खाणींजवळ कोराडी आणि चंद्रपूर उभी राहिली.

या केंद्रांना थांबणं मानवत नाही. थंड पडलेला बॉयलर पुन्हा पेटवून वीज मिळेपर्यंत कित्येक तास जातात. जाड पोलादाचा ड्रम घाईने तापवला तर त्याला तडे जाण्याचा धोका असतो. टर्बाइन बंद केल्यावरही त्याचा रोटर 'बॅरिंग गिअर'वर संथपणे फिरवत ठेवतात. तसाच सोडला, तर वरचा भाग गरम, खालचा थंड राहून त्याला बाक येतो. म्हणून कोळसा सतत जळत राहिला आणि पाण्याकडे संध्याकाळची चढती मागणी आली. कोयनेच्या जलविद्युत केंद्राची यंत्रं काही मिनिटांत भार उचलतात. शिवाय कोयनेतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा घातली आहे. ते जपूनच वापरावं लागतं.

घाटघरच्या 250 मेगावॅटच्या केंद्रात तर मागणी कमी असताना वीज वापरून पाणी वरच्या धरणात चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडतात. चढवायला लागते त्याहून कमी वीज परत मिळते, तरी हा व्यवहार रास्त आहे. दुपारी भरपूर मिळणारी सौरवीज रात्रीसाठी राखायची, तर अशी केंद्रं आणखी लागतील. त्यांच्यासाठी जमीन घेताना आधी लोकांचं पुनर्वसन करा, मगच पाणी अडवा.