धन्वंतरी महाल आणि तंजावरचा राजाश्रय

१७९९ च्या तहाने तंजावरचा राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेल्यावर दुसरे सरफोजी भोसले (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या हाती किल्ला, वार्षिक तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. तरीही या आटलेल्या उत्पन्नातून त्यांनी धन्वंतरी महाल ही औषधनिर्मितीची व संशोधनाची संस्था चालवली, हे त्यांच्या कारकिर्दीचे खरे मोठेपण होय. तेथे आयुर्वेद, सिद्ध (तमिळ प्रदेशाची परंपरागत वैद्यकपद्धती) व युनानी या शाखांचे जाणकार पाश्चात्त्य वैद्यकाच्या डॉक्टरांसमवेत काम करीत, आणि अनुभवाला उतरलेले उपचार दरबारी कवींकडून तमिळ पद्यात बांधून घेतले जात. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ग्रंथमालेत गर्भिणी व बालरोगांच्या चिकित्सेलाही स्थान मिळाले.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली नेत्ररुग्णांची टिपणे विशेष बोलकी आहेत, कारण त्यांत लक्षणे व उपचार यांच्या जोडीला विकारग्रस्त डोळ्याचे रंगीत चित्रही काढलेले आढळते. नोंदींचे मोल तेथे ओळखलेले होते.

उपचाराचा खर्च छत्रांवरही, म्हणजे वाटसरूंसाठीच्या धर्मादाय अन्नछत्रांवरही, होत असे. आजारी प्रवाशांची शुश्रूषा, बाळंतिणींची देखभाल आणि अनाथ मुलांचे संगोपन तेथे कसे होते, हे १८०१ मध्ये कंपनीचे रेसिडेंट (दरबारातील प्रतिनिधी) बेंजामिन टोरिन यांना कळवून सरफोजींनी छत्रांचे उत्पन्न अबाधित राखण्याची मागणी केली.